कथेचं आशयसूत्र कसं शोधायचं? तीन कथा आणि आमच्या ग्रुपचं न मिटलेलं भांडण

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मी एसवायबीएला आहे, मराठी स्पेशल, कॉलेज गंगापूर रोडला. आमच्या मॅडमनी इंटर्नलसाठी ग्रुप पाडलेत आणि आमच्या वाट्याला तीन कथा आल्यात, अण्णाभाऊ साठेंची 'स्मशानातलं सोनं', बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'धर्मा रामोशी'. प्रत्येकीचं आशयसूत्र (थीम) सांगायचं आणि तिन्हींना बांधणारं काही आहे का ते दाखवायचं, प्रेझेंटेशन पुढच्या आठवड्यात.

आता ग्रुपमधल्या दोघांचं म्हणणं असं की यात अवघड काहीच नाही, पहिली दारिद्र्य, दुसरी जात, तिसरी परत दारिद्र्य, स्लाइड टाका आणि मोकळे व्हा. गाईडमधेही साधारण तेच आहे. पण मला ते अजिबात पटत नाहीये कारण 'दारिद्र्य' हे उत्तर तर कथा न वाचता नुसती पाठीवरची चार ओळींची ओळख वाचूनही देता येतं, आणि 'स्मशानातलं सोनं'मधला भीमा पण गरीब, धर्मा पण गरीब, मग दोन लेखकांनी दोन वेगळ्या कथा कशाला लिहिल्या? 'स्मशानातलं सोनं' वाचून मला रात्री नीट झोप लागली नाही आणि 'धर्मा रामोशी' वाचून मी बराच वेळ काही बोललेच नाही, ह्या दोन परिणामांत फरक आहे ना, तो फरक उत्तरात यायला नको का?

तर प्रश्न असा की तुम्ही कथा वाचल्यावर तिचं सूत्र कसं पकडता? आणि आपण पकडलेलं सूत्र कथेतलंच आहे, आपल्या मनातलं तिच्यावर लादलेलं नाही, हे कसं ओळखायचं? ज्यांनी ह्या कथा वाचल्यात त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मला खरंच हवंय.

निवृत्त_मास्तर

छान धागा काढलास. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला मराठी शिकवलं, आता पंचवटीत असतो. तुझी शंका रास्त आहे. दारिद्र्य हा विषय झाला. त्या विषयाबद्दल कथा काय म्हणते ते सूत्र. त्यामुळे मी मुलांना सांगायचो की सूत्र एका शब्दात लिहू नका, पूर्ण वाक्य करा आणि त्या वाक्यात क्रियापद येऊ द्या. 'दारिद्र्य' असं लिहिलं की पेन थांबतं. 'दारिद्र्य माणसाकडून असं असं करवतं' असं लिहायला घेतलं की काय काय करवतं ते कथेतून शोधून आणावंच लागतं.

दुसरं म्हणजे शेवट पुन्हा वाच, आणि लगेच सुरुवात वाच. मधे काय गेलं, काय आलं, कुणाला काय कळलं. भीमा सुरुवातीला कोण असतो? गावात पोट भरत नाही म्हणून मुंबईत आलेला आडदांड ताकदीचा माणूस, खाणीत दगड फोडणारा. खाण बंद पडते, ओढ्याकाठी राखेत अंगठी सापडते, आणि मग तो राख चाळायला लागतो, नंतर पुरलेली मढी उकरायला लागतो. शेवटी कोल्ह्यांशी झुंज, मढ्याच्या जबड्यात अडकलेली बोटं, दोन बोटं जातात. आणि त्याच वेळी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. आता सांग, नुसती गरिबी दाखवायची असती तर लेखकाला ही शेवटची बातमी आणायची गरज काय होती?

सातपूरकर

मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. मी साहित्याचा विद्यार्थी नाही, सातपूरला एका वर्कशॉपमधे पॉवर प्रेसवर काम केलंय, आता सुपरवायझर आहे. ही कथा मला एका मित्राने मोबाईलवर पाठवली होती आणि मी जेवणाच्या सुट्टीत वाचली.

बोटं गेली म्हणजे काय ते प्रेसवर काम करणाऱ्याला विचारा. आमच्यात एक जण होता, त्याची दोन बोटं गेली आणि त्यानंतर त्याला कुठेच मशीनवर घेतलं नाही, तो गेटवर बसायला लागला. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ सालचा कायदा होता, २०२५ पर्यंत चालला, आणि त्याच्या परिशिष्टात कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली याचं कोष्टकच होतं, एका हाताची दोन बोटं म्हणजे २० टक्के. भीमाची बोटं खाणीत गेली असती तर निदान कागदावर तरी काही मागता आलं असतं. स्मशानात गेली म्हणून त्याला मागायला तोंडच नाही. मला कथेतली सगळ्यात क्रूर गोष्ट ही वाटली की कामाने त्याला सोडलं, त्याने दुसरीकडे हात घातला, आणि काम परत आलं तेव्हा कामाचा हात उरला नव्हता. तो शेवटी लहान पोरासारखा रडतो ते दुखतंय म्हणून नाही रडत.

माझ्या मते ह्या कथेचं सूत्र भूक नाही, बेकारी आहे. दोन्ही एकच वाटतात पण भुकेला भाकरी दिली की ती भागते, बेकार माणसाची ताकदच त्याच्यावर उलटते. भीमा अशक्त असता तर स्मशानात गेलाच नसता.

गोदाकाठची

दादा, हा मुद्दा आमच्या वर्गात कुणाच्याच डोक्यात आला नव्हता!! 'ताकद उलटते' हे वाक्य मी घेऊ का प्रेझेंटेशनमधे? आणि मग सोन्याचं काय करायचं? मला सारखं वाटतंय की मेलेल्याच्या अंगावर सोनं आणि जिवंत माणसाच्या ताटात काही नाही, हा जो उलटा न्याय आहे तो पण सूत्राचाच भाग आहे.

सातपूरकर

घे की, विचारतेस काय. सोन्याचा मुद्दा बरोबर आहे तुझा.

कथावेडी_नाशिकरोड

सातपूरकरांच्या प्रतिसादाला अनुमोदन आणि त्यात थोडी भर. अण्णाभाऊ १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनात म्हणाले होते की ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नसून कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलेली आहे. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं पण ते ह्या कथेशेजारी ठेवून बघा. ज्या हातावर पृथ्वी तोलली जाते म्हणतात त्या हाताची बोटं इथे मढ्याच्या दातांत सापडतात. ते स्वतः गिरणी कामगार होते, शाळेत जेमतेम गेलेले, हाताची किंमत त्यांना कुणी शिकवावी लागली नव्हती.

पण एक सावधगिरी. लेखकाचं चरित्र दोन पानं लिहून कथा अर्ध्या पानात आटपायची ही सवय आपल्याकडे फार आहे, वाटेगावला जन्म, पायी मुंबई, लाल बावटा, वगैरे. ते सगळं खरं आणि मोठंच आहे, तरी परीक्षेतला प्रश्न कथेवर असतो. चरित्रातली एखादीच गोष्ट घ्या आणि तीसुद्धा कथेतल्या नेमक्या जागेला चिकटत असेल तरच.

सूत्र लादलेलं आहे की कथेतलं आहे हे ओळखायची माझी पद्धत सांगते. आपण म्हणतोय त्याच्या विरुद्ध जाणारी जागा मुद्दाम शोधायची. उदाहरणार्थ भीमा बिचारा, परिस्थितीने पिळलेला, असं सूत्र धरलं तर मग त्याला त्या कामात चढणारा जोर, त्याची बेफिकिरी, बायकोला नको वाटतं तरी तिला गप्प करणं, ह्याचं काय? अण्णाभाऊंनी त्याला बिचारा केलेलंच नाही. ज्या सूत्रात ह्या जागा बसत नाहीत ते सूत्र अपुरं. बसवता येत नाही म्हणून ती जागा गाळायची नाही.

पेठचा_पोरगा

मी बागुलांच्या कथेवर लिहितो कारण बाकीच्या दोन मी वाचलेल्या नाहीत. मी पेठ तालुक्यातला, शिकायला नाशिकला आलो, आता एमए करतोय.

त्या कथेत दलित निवेदकाला रेल्वेत नोकरी लागते, गुजरातेत उधना म्हणून गाव आहे सुरतेजवळ, तिथे. कामावर हजर होताना तो इतका खूष असतो, देशाबद्दल, नव्या काळाबद्दल त्याच्या मनात कविता येत असतात, आणि मग राहायला खोली बघायची वेळ येते आणि समोरचा पहिलं काय विचारतो तर जात. तो भडकतो आणि सांगतो मी मुंबईचा. लोक ते मान्य करून टाकतात आणि तिथून त्याचा वनवास सुरू होतो.

मी नाशिकला खोली शोधत होतो तेव्हा मला कुणी जात विचारली नाही. आडनाव विचारलं. गाव कुठलं विचारलं. मग घरी नॉनव्हेज करता का विचारलं. मग सांगितलं की आत्ताच एकाला दिली. खालच्या पाटीवर 'रूम देणे आहे' तसंच लटकत होतं. त्यामुळे १९६३ सालचं पुस्तक म्हणून मी ते वाचू शकलो नाही, मला ते कालचं वाटलं. आमच्या वर्गात कुणी म्हणालं की ह्या कथेचं सूत्र 'अस्पृश्यतेची समस्या' तर मला ते पाटीवर लिहिल्यासारखं कोरडं वाटलं. मारहाण शेवटी होते, पण कथा मला मधल्या भागात जास्त जाळते, जिथे त्याला कुणीही मारत नाही, उलट मान मिळतोय, सोबत काम करणारा तिवारी त्याला घरी बोलावतो, तिवारीची बायको प्रेमाने वाढते, आणि त्या प्रत्येक घासाला हा घाबरतोय. प्रेम मिळतंय पण ते आपल्याला नाही, आपण नसलेल्या माणसाला मिळतंय. हे ज्याने सोसलंय त्याला कळेल. लपवणारा माणूस चांगल्या वागणुकीलाही भितो, हे माझ्या मते सूत्र आहे.

सिडकोकर

पेठचा पोरगा, तुमचा अनुभव वाईट आहे आणि तो नाकारायचा नाही. पण मला वाटतं आता शहरात बरंच बदललंय, निदान कामाच्या ठिकाणी कुणी विचारत नाही. मग कथेचं सूत्र आजच्या काळाला जसंच्या तसं लावणं योग्य आहे का? साहित्याच्या उत्तरात स्वतःचा अनुभव कितपत यावा असा माझा प्रश्न आहे, तुम्हाला दुखवायचा हेतू नाही.

पेठचा_पोरगा

दुखावलो नाही. अनुभव उत्तरपत्रिकेत लिहा असं मी म्हणतच नाहीये. पण त्या अनुभवामुळे मला जेवणाचा प्रसंग दिसला, मी पान उलटून पुढे गेलो नाही. एकदा दिसल्यावर मी तो कथेतल्या वाक्यांनीच सिद्ध करीन, माझ्या खोलीच्या गोष्टीने नाही. आणि कामाच्या ठिकाणी विचारत नाहीत म्हणता, कथेत तरी सुरुवातीला कामावर कुठे काय अडतं, अडतं ते राहायला गेल्यावर.

निवृत्त_मास्तर

हे फार महत्त्वाचं बोललास. अनुभव जागा दाखवतो, पुरावा कथेतूनच द्यायचा.

बागुलांच्या कथेत काशिनाथकडे लक्ष द्या रे. तोही त्याच जातीतला, तिथेच कामाला, पण तो लपवत नाही, चाकू बाळगतो, अंगावर येईल त्याला शिंगावर घेतो. म्हणजे एकाच अपमानाला दोन माणसं दोन तऱ्हेने सामोरी जातात आणि लेखकाने दोघांना एकाच फलाटावर आणून उभं केलंय. शेवटी बिंग फुटल्यावर निवेदकाला बेदम मारतात तेव्हा सोडवायला काशिनाथच येतो. त्याला कळत नाही की हा मार खात का राहिला. तेव्हा निवेदक त्याला सांगतो की मला ह्यांनी मारलंच नाही, मारलं ते मनूने.

वर्गात ह्या शेवटावर दरवर्षी दोन तट पडायचे. काहींना वाटायचं हे मोठेपण आहे, तो माणसांच्या मागे उभी असलेली व्यवस्था बघतोय. काहींना वाटायचं हा पळ आहे, समोर काठी घेऊन उभा असलेल्या तिवारीला त्याने सोडून दिलं. मला अजूनही वाटतं की कथेचं सूत्र ह्या दोघांच्या मधल्या तणावात आहे आणि जो एकाच बाजूने उत्तर लिहितो तो अर्धी कथा सोडून देतो. काशिनाथ नसता तर ही कथा नुसती सोसण्याची झाली असती.

जाता जाता, बागुल हे आपलेच. १९३० साली विहितगावला जन्मले आणि २००८ साली नाशिकलाच गेले. नाशिकरोडहून देवळालीकडे रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे कोण जाणे.

कथावेडी_नाशिकरोड

मी विहितगावच्या अगदी जवळ राहते आणि माझ्या शाळेत हे कधी कुणी सांगितलं नाही, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याच संग्रहातली 'विद्रोह' पण वाचा, शिकलेल्या मुलाला बापाचं मैला उचलायचं काम पुढे चालवायला लावतात ती. लपवणं, लढणं आणि वारसा नाकारणं असे तीन धागे एका पुस्तकात दिसतात आणि मग पहिल्या कथेचं सूत्रही जास्त स्पष्ट होतं.

सिन्नरची_सून

धर्मा रामोशीवर कुणीच बोलेना म्हणून लिहिते. आधी एक शंका, ती ज्यात आहे ते 'माणदेशी माणसं' हे १९४९ सालचं पुस्तक तर व्यक्तिचित्रं म्हणून ओळखलं जातं ना? मग कथेच्या पेपरला कसं?

निवृत्त_मास्तर

दोन्ही म्हणतात. घटना आहे, शेवट आहे, शेवटाने आधीचं सगळं बदलतं, म्हणून कथा म्हणून वाचायला हरकत नाही. त्यात वेळ घालवू नका, पुढे लिहा ताई.

सिन्नरची_सून

बरं. तर धर्मा निवेदकाकडून धोतर मिळवतो, अंगावर चिंध्या असलेला म्हातारा, आपल्याला वाटतं बरं झालं, आता नेसेल. आणि शेवटी ते धोतर दिसतं कुणाच्या अंगावर तर त्याच्या तरण्या लेकीच्या, बजाच्या. संपलं. लेखक पुढे एक शब्द बोलत नाही.

मी लग्न होऊन खेड्यात आले तेव्हा शेजारी एक घर होतं, त्या घरातली मोठी मुलगी सणावाराला बाहेरच यायची नाही. सासूबाई म्हणायच्या तिला विचारू नको. नंतर कारण कळलं. म्हणून मला ही गोष्ट वाचताना धर्माचं मागणं दिसलं. तो मागतो स्वतःसाठी म्हणून. पोरीला नेसायला नाही हे तो उच्चारत नाही. स्वतः भिकारी ठरला तरी चालेल पण लेकीची उघडी लाज गावाच्या तोंडी जाऊ द्यायची नाही. ही गरिबीची गोष्ट म्हणणं मला कमी वाटतं, ही बापाने अब्रू कशी राखली त्याची गोष्ट आहे, आणि राखायला हातात होतं काय तर एक जुनं धोतर.

अजून एक, रामोशी म्हटलं की लोकांच्या मनात पहिलं काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्रजांच्या कायद्याने कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, तो कायदा देशभरातून गेला १९५२ साली, आणि रामोशी आजही आपल्याकडे विमुक्त जातींच्या यादीत आहेत. ज्याच्याकडे जग चोर म्हणून बघतं तो माणूस इथे मागून घेतो, तेही लेकीसाठी. हे माडगूळकरांनी कुठेही ठासून सांगितलेलं नाही म्हणून जास्त लागतं.

गोदाकाठची

ताई, वाचून अंगावर काटा आला. म्हणजे निवेदकाला सगळं माहीत नसणं हेच तिथे काम करतंय. देणाऱ्याला वाटतं आपण म्हाताऱ्याला दिलं, कशासाठी दिलं ते त्याला शेवटी कळतं, आणि आपल्यालाही त्याच्याबरोबरच कळतं. बागुलांच्या कथेत उलट, तिथे निवेदकाला माहितीये आणि बाकीच्यांना नाही, म्हणून आपण पूर्णवेळ त्याच्याबरोबर भीतीत असतो. कुणाला काय माहितीये हे बघितलं की सूत्राजवळ जाता येतं असं मला आता वाटायला लागलंय.

सिडकोकर

हा निकष चांगला आहे. पण एक सांगा, प्रत्येक कथेचं सूत्र वाक्यात येतंच का? मी 'दिठी' सिनेमा बघितला, सुमित्रा भावेंचा, २०२१ साली आला तो, आणि मग दि. बा. मोकाशींची मूळ कथा शोधून वाचली, 'आता आमोद सुनासि आले'. पोरगा गेलेला बाप, पोथीत मन रमत नाही, आणि मग एक अडलेली गाय सोडवायला तो जातो. वासरू येतं आणि त्याच्या आत काहीतरी सुटतं. आता ह्याचं वाक्य करा. 'दुःखावर जन्माने मात केली' असं लिहिलं की मला लाज वाटते, इतकं ते पोकळ होतं.

कथावेडी_नाशिकरोड

खरंय. तिथे मी वाक्य करायचा हट्ट सोडते आणि त्या क्षणापर्यंतची वाट लिहिते, पोथी ऐकताना त्याला काय सुचत नव्हतं, गायीच्या अंगाला हात लागल्यावर काय सुचलं. हाताने काम करणाऱ्या माणसाला शब्दांतून न मिळालेलं हातातून मिळालं, इथपर्यंत मी जाईन, पुढे नाही. परीक्षकाला तेवढं पुरतं आणि कथेलाही.

सातपूरकर

परत हातच आला बघा.

गोदाकाठची

तेच म्हणणार होते! काल ग्रुपची मीटिंग झाली, मी हा धागा सगळ्यांना वाचून दाखवला. दारिद्र्य-जात-दारिद्र्य ही स्लाइड काढून टाकली. आता आमची तीन वाक्यं अशी:

भीमा: समाजाला नको झालेली ताकद त्याच माणसावर उलटते, आणि समाजाला ती परत हवी होते तोवर ती शाबूत राहत नाही.

बागुल: जात लपवून मिळालेलं प्रेम माणसाला आतून खात राहतं, आणि उघडं पडल्यावर मारणारा समोर दिसतो तरी तो एकटा मारणारा नसतो.

धर्मा: ज्याच्याकडे काहीच नाही तोही अब्रू राखायला स्वतःचा मान खर्च करतो.

आणि तिन्हींना बांधणारं म्हणून आम्ही 'लपवणं' घेतोय. भीमा रात्री चोरून उकरतो, निवेदक जात लपवतो, धर्मा लेकीची अवस्था लपवतो. तिघांनाही गुन्हा केल्यासारखं जगावं लागतं आणि तिघांचाही गुन्हा नाही. कसं वाटतंय?

निवृत्त_मास्तर

उत्तम. तिसरं वाक्य सर्वांत चांगलं जमलंय. दुसऱ्यात काशिनाथ आलेला नाही, त्याला जागा करा.

पेठचा_पोरगा

'तिघांचाही गुन्हा नाही' हे मला मान्य नाही. भीमा दुसऱ्याच्या मढ्याला हात लावतो, त्या घरच्या लोकांना काय वाटत असेल? अण्णाभाऊंनी त्याला मोकळा सोडलेला नाही, दोन बोटं घेतली. तिथे तुमचं सूत्र जरा मवाळ झालंय, भीमाला वेगळा काढून लिहा. मी आता ती कथा वाचून काढली, म्हणून बोलतोय.

गोदाकाठची

हं. हे मीटिंगमधे मांडते. पण मग धर्मा आणि निवेदक एका बाजूला आणि भीमा एका बाजूला असं होईल, आणि सातपूरकर दादांचं म्हणणं की त्याला तिथे ढकलला कुणी, ते पण सोडवत नाहीये. आणि कुणाकडे बागुलांचा पूर्ण संग्रह आहे का, आमच्याकडे एकाच कथेची झेरॉक्स आहे, 'विद्रोह' वाचायची आहे.

कथावेडी_नाशिकरोड

सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात विचार, मिळायला हवा. नाही मिळाला तर मला व्यनि (खासगी निरोप) कर, माझी प्रत नाशिकरोडला येऊन घेऊन जा, प्रेझेंटेशन झाल्यावर परत दे. आणि भीमाबद्दल पेठच्या पोराशी मी सहमत आहे, त्याला निर्दोष केलं की त्या कोल्ह्यांच्या झुंजीला काही अर्थच उरत नाही, तिथे तो आणि कोल्हे एकाच मढ्यासाठी भांडतायत.